हिप्परग्याच्या हौदातली बोट

मागच्या दिवाळीनंतर माझा भाचा मला हिप्परग्याला घेऊन गेला, तेव्हा ती बोट म्हशींचा हौद झालेली होती. तुळजापूर रस्त्यावरून आत वळल्यावर, एकरुख तलावाच्या काठापासून फारशा लांब नसलेल्या एका वस्तीवर, कडुलिंबाच्या सावलीत चार दगडांवर ती टेकवलेली होती. तिच्या मागच्या सपाट बाजूला तळाशी जे छिद्र होते त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला होता, आत गुडघाभर हिरवट पाणी होते आणि एक म्हैस शांतपणे त्यात तोंड घालून उभी होती. शेजारच्या गोठ्यात, पोत्याखाली झाकलेले तिचे इंजिन होते. त्याच्या टोपणावर ‘जॉन्सन’ ही अक्षरे अजून वाचता येत होती.

भाच्याने ही बोट मासेमारीसाठी म्हणून वस्तीवरच्या आबांकडून विकत घेतली होती. व्यवहार ठरताना आबांनी सांगितले होते की ही बोट मूळची अक्कलकोट संस्थानची आहे. ही गोष्ट पुण्याकडच्या एका रिसॉर्टवाल्यापर्यंत पोचली आणि त्याने भाच्याला कळवले की संस्थानची असल्याचे काही लेखी दाखवता आले, तर तो तिप्पट पैसे देऊन ती शोभेसाठी घेईल. म्हणून भाचा माझ्याकडे आला. “मामा, तुम्ही गिरणीत मशिनी ओळखायचात, ही पण ओळखा की,” असे तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. सोलापूरच्या एका गिरणीच्या इंजिनिअरिंग खात्यात मी बावीस वर्षे काढली, आणि त्या काळात यंत्राचा कर्ता कोण हे शोधणे हा माझ्या कामाचाच भाग होता. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या यंत्रांवर कंपनीचे नाव बिडाच्या ओतीव अक्षरांत असे, परंतु साठ-सत्तर वर्षे चाललेल्या यंत्राचे निम्मे भाग बदललेले असत. चौकट एका कंपनीची, गिअर दुसऱ्या कंपनीचे आणि मोटर तिसरीच. सुटा भाग मागवताना चूक झाली, तर यंत्र महिनाभर बंद राहात असे. त्यामुळे यंत्र स्वतः काय सांगते आणि यंत्राबद्दल लोक काय सांगतात, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय मला तेव्हापासून आहे. बोटीसाठीही मी तशीच एक वही घातली.

संस्थानचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकाली निघण्यासारखा होता. बोट फायबरची होती, म्हणजे काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात घडवलेली. अशा बोटींचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाले आणि त्या बाजारात सर्रास येऊ लागल्या त्या १९५० च्या दशकात. अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. राजघराण्यातील कोणी पुढे हौसेने बोट घेतली असेल, असे म्हणायला जागा राहते. पण ‘संस्थानची बोट’ म्हणताना जो काळ डोळ्यांपुढे येतो, त्या काळातली ती नव्हती. आबांना विचारले, तर त्यांनी बोटीतल्या आडव्या फळीकडे बोट दाखवले. “ह्ये लाकूड बघा की ओ. आसलं लाकूड साध्या मानसाच्या बोटीत आस्तंय व्हय?” लाकूड खरोखरच देखणे होते. कोपऱ्यात थोडे खरवडल्यावर तांबूस, बारीक रेषांचे महोगनी दिसले. गावच्या सुताराने त्याला सागवान म्हटले होते. मात्र लाकडाच्या देखणेपणावरून मालक ठरत नाही, एवढे मी वहीत लिहिले.

दुसरा समज जॉन्सनचा. परिसरात सगळे तिला ‘जॉन्सन बोट’ म्हणत आणि भाच्याचीही खात्री होती की बोट जॉन्सन कंपनीची आहे. मी त्याला त्याच्याच दारातले उदाहरण दिले. ट्रॅक्टर महिंद्राचा असला म्हणून त्याच्यामागची ट्रॉली महिंद्राची होत नाही. ती बार्शीच्या किंवा मोहोळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये झालेली असते. मागे अडकवायच्या इंजिनाचेही तसेच आहे. ते दोन मळसूत्री पकडींनी बोटीच्या मागच्या बाजूवर बसते आणि तितक्याच सहजपणे उतरते. चाळीस वर्षांत एका बोटीवर चार इंजिने येऊन जाऊ शकतात.

तरीही इंजिनाचे वय काढून ठेवणे आवश्यक होते. त्याच्या पकडीवरची पत्र्याची पट्टी केव्हाच गेली होती, पण जॉन्सन आणि एव्हिन्रूड ही दोन्ही इंजिने बनवणारी अमेरिकन कंपनी तोच क्रमांक इंजिनाच्या ठोकळ्यात ठोकून बसवलेल्या, रुपयाएवढ्या धातूच्या गोल बुचावरही उमटवत असे. पट्टी पडते, बूच पडत नाही. टोपण काढून, रॉकेलच्या बोळ्याने तेलकट काळा थर पुसल्यावर अक्षरे दिसली: जे, मग २५, मग आर, मग सी आणि आर, आणि शेवटी आणखी एक अक्षर. जे म्हणजे जॉन्सन, २५ म्हणजे पंचवीस अश्वशक्ती, पहिला आर म्हणजे दोरी ओढून सुरू करायचे. वर्ष पुढच्या दोन अक्षरांत लपलेले असते. १९८० पासून या कंपनीने वर्ष लिहिण्यासाठी ‘इंट्रोड्यूसेस’ (INTRODUCES) हा दहा अक्षरांचा इंग्रजी शब्द घेतला, ज्यात एकही अक्षर दोनदा येत नाही. पहिले अक्षर म्हणजे १, दुसरे म्हणजे २, असे करत दहावे म्हणजे शून्य. त्या शब्दात सी आठवा येतो आणि आर चौथा. इंजिन १९८४ चे होते. आपल्याकडचे कापडाचे व्यापारी खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ठाणाच्या कोपऱ्यात अशाच सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवत. टिळक चौकातल्या एका दुकानात लहानपणी मी ती अक्षरे पाहिली आहेत, आणि गोठ्यात त्या बुचावर वाकलेलो असताना मला तेच आठवले.

आता खुद्द बोट. पाणी उपसून, शेवाळ खराट्याने काढून, आम्ही ती दोन दिवस उन्हात ठेवली. लांबी सव्वातेरा फूट भरली. पुढचे टोक निमुळते नव्हते, बोथट आणि रुंद होते. त्यामुळे वस्तीवरची मुले तिला ‘डबा’ म्हणत. पालथी केल्यावर तळाचा आकार दिसला: मधोमध एक आणि दोन्ही कडांना एकेक, असे तीन फुगवटे पुढून मागे जात होते. पण माझे लक्ष वेधले ते आठ छिद्रांनी. उजनी धरणात पक्षी पाहायला येणाऱ्या लोकांसाठी एका ठेकेदाराने एक हंगाम ही बोट भाड्याने घेतली होती आणि लोखंडी खुर्च्या बसवण्यासाठी तिच्या तळात आरपार बोल्ट मारले होते. खुर्च्या त्याने काढून नेल्या, छिद्रे तशीच उघडी ठेवली. चांगल्या वस्तूला असे भोसकलेले पाहून मला फार वाईट वाटले आणि अजून वाटते. एका छिद्रात मी तार घातली, तेव्हा तारेच्या टोकाला पिवळसर, ओलसर भुकटी लागून आली. बोट आतून पोकळ नव्हती. वरचे कवच आणि खालचे कवच यांच्यामधली सगळी जागा फोमने भरलेली होती.

फोमवरून एका कंपनीचा संशय येतोच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रिचर्ड फिशर यांनी १९५८ मध्ये बॉस्टन व्हेलर या नावाने तेरा फुटी बोट बाजारात आणली. तिच्या तळाचा आकार रे हंट या बोटरचनाकारासोबत ठरवलेला होता. दोन साचे एकमेकांवर बसवून त्यांच्यामध्ये द्रवरूप पॉलियुरेथेन सोडायचे. ते जागच्या जागी फुगते, घट्ट होते आणि दोन्ही कवचांना चिकटून बसते, असे तिचे तंत्र होते. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने फिशर यांची छायाचित्रे छापली: फिशर बोटीत बसलेले आहेत आणि बोट मधोमध करवतीने कापली जात आहे, मग इंजिन असलेला मागचा अर्धा भाग घेऊन ते पाण्यावरून निघून जातात. माशांसाठी बोट घेणाऱ्या माणसाला ‘ही बुडत नाही’ हे पटवून देण्याचा याहून सरळ मार्ग मला सुचत नाही. परंतु फोम भरलेली आणि तीन फुगवट्यांच्या तळाची प्रत्येक बोट त्यांचीच असते असे नाही. ही कल्पना पुढे इतर अनेकांनी उचलली. आकारावरून संशय घेता येतो, नाव देता येत नाही. नावासाठी क्रमांक हवा होता.

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीवर बारा अक्षरांचा क्रमांक असणे कायद्याने आवश्यक झाले. पहिली तीन अक्षरे कर्त्याची, पुढची पाच त्या बोटीची आणि शेवटची चार काळाची. तो क्रमांक मागच्या सपाट बाजूवर, पुढे तोंड करून बसल्यावर उजव्या हाताला येईल त्या वरच्या कोपऱ्यात असतो. आमच्या बोटीच्या त्या कोपऱ्यात निळ्या ऑइल पेंटचा जाड थर होता, त्याखाली पांढरा, त्याखाली करडा. भाचा रंग काढायचे रसायन आणायला निघाला होता. मी त्याला थांबवले, कारण ते रसायन रंगाबरोबर फायबरचा वरचा थरही मऊ करते आणि मग अक्षरेच वाहून जातात. चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळून, मी तो कोपरा घासत बसलो. तळहाताएवढ्या जागेला तीन सकाळी लागल्या. निळा गेला, पांढरा गेला, करड्यातून खालचा मूळ थर ढगासारखा दिसू लागला, तेव्हा थांबलो. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण बोट फिरवले तर खरखर लागत होती.

गिरणीत झिजलेली पट्टी वाचायची आमची एक रीत होती, तीच इथे वापरली. दिवस मावळल्यावर, अंधारात, टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवी धरायची, म्हणजे खाचांमध्ये सावली पडते. भाच्याने टॉर्च धरली. मी पतंगाचा पातळ कागद त्या जागेवर ताणून चिकटवला आणि पेन्सिलीचे शिसे आडवे धरून हलक्या हाताने फिरवत गेलो. कागद करडा होत गेला आणि त्या करड्यात पांढरी अक्षरे उभी राहू लागली. बी. डब्ल्यू. सी. पुढच्या पाच जागा खरवडल्यासारख्या होत्या, तिथे दोन अंक सोडले तर काही लागले नाही. मग शेवटी पुन्हा स्पष्ट: एम, ७, ६, एच. भाच्याचा हात थरथरत होता. “मामा, आलं,” एवढेच तो म्हणाला. मी त्याच जागेचे आणखी दोन कागद घेतले आणि तिन्ही सारखे निघाल्यावरच वहीत लिहिले.

अमेरिकी तटरक्षक दलाने कर्त्यांच्या अक्षरांची यादी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. बी डब्ल्यू सी म्हणजे बॉस्टन व्हेलर. शेवटच्या चार अक्षरांत मात्र घाई केली, तर माणूस हमखास चुकतो. एम ७६ म्हणजे १९७६ चे मॉडेल, आणि एच हे आठवे अक्षर म्हणून आठवा महिना ऑगस्ट, असे भाच्याने लगेच सांगितले. पण त्या जुन्या पद्धतीत मॉडेलचे वर्ष ऑगस्टपासून सुरू होते: ए म्हणजे ऑगस्ट १९७५, बी सप्टेंबर, असे मोजत गेले की एच मार्च १९७६ वर येतो. जानेवारीला ए धरण्याची पद्धत १९८४ नंतरची. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या वह्यांचे परंपरागत वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलते आणि कॅलेंडर जानेवारीत, तसाच हा प्रकार आहे. कोणते वर्ष धरून लिहिले आहे ते आधी पाहावे लागते.

आणखी एक पुरावा आपोआप जुळून आला. या कंपनीच्या सुरुवातीच्या बोटी आतून फिकट निळ्या असत आणि १९७० च्या दशकात तो रंग बदलून वाळूसारखा तपकिरी करण्यात आला. आमच्या बोटीत फळीखाली, जिथे कोणाचाही ब्रश पोचला नव्हता, तिथे हातरुमालाएवढा मूळ पृष्ठभाग शिल्लक होता, आणि तो वाळूच्या रंगाचा होता. महोगनीचेही कोडे सुटले, कारण त्या काळात या बोटींची बसायची फळी महोगनीचीच असे. आबांनी ज्या लाकडावरून संस्थान ओळखले, त्याच लाकडाने कारखाना ओळखण्यास मदत केली. तर मार्च १९७६ ची बोट आणि १९८४ चे इंजिन, म्हणजे दोघांची भेट निदान आठ वर्षांनंतरची.

ती भेट कुठे झाली, हे एका कागदाने सांगितले. आबांच्या मेहुण्यांचा उजनीत मासेमारीचा ठेका होता आणि बोट त्यांनी आणली होती. त्यांच्या मुलाने पत्र्याच्या पेटीतून एक पावती काढून दिली: मुंबईच्या दारूखान्यातील एका दुकानाची, १९९१ ची, कार्बन लावलेली, मधोमध घडीवर फाटलेली. त्यावर लिहिले होते, ‘फायबर बोट जुनी, १ नग, मशीनशिवाय.’ मला या शेवटच्या शब्दाचा जितका आनंद झाला, तितका गेल्या कित्येक वर्षांत कशाचा झाला नसेल. बोट सोलापूर जिल्ह्यात इंजिनाशिवाय आली. जॉन्सन तिला इथे मिळाले. दारूखाना म्हणजे रे रोडजवळचा तो भाग, जिथे मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान दोरापासून नांगरापर्यंत विकले जाते. बाहेरचा करडा रंग पाहता एखाद्या जहाजाची किंवा बंदरातल्या कामाची ती बोट असावी असे मनात येते, पण मनात येणे हा पुरावा नव्हे. १९७६ ते १९९१ ही पंधरा वर्षे मी वहीत कोरी ठेवली आहेत.

१९९१ नंतरचे सांगणारी माणसे आहेत. करमाळ्याच्या बाजूचे एक वयस्कर भोई तिला लगेच ओळखतात. वादळात इतर होड्या काठाला लागल्या तरी ही उभी राहायची, असे ते म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, पाणी काठापासून लांब सरकले आणि बोट भेगाळलेल्या गाळावर पडून राहिली. त्यानंतर ती आबांच्या वस्तीवर आली आणि हौद झाली. आठ छिद्रांच्या वरच्या तोंडांना डांबर लावून त्यांनी पाणी थोपवले होते, पण डांबराखालून ते वर्षानुवर्षे फोममध्ये मुरत राहिले.

किती मुरले, हे मोजता येण्यासारखे होते. त्या काळच्या तेरा फुटी बोटीचे कोरे वजन ३२० पौंड, म्हणजे सुमारे १४५ किलो. डिसेंबरमध्ये आम्ही ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून उसाच्या वजनकाट्यावर नेली, मग ती उतरवून रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर चढवली. फरक २३० किलो निघाला. काटा दहा-दहा किलोंनी पुढे सरकतो, तेवढे सोडून दिले तरी ऐंशी किलोंच्या आसपास पाणी तिच्या पोटात होते. काट्यावरच्या मुलाने ऊस नसताना पावती फाडायला आधी नकार दिला होता. कारण सांगितल्यावर त्याने स्वतः बोट उतरवायला हात लावला.

त्यानंतर मी आबांकडे गेलो. त्यांना सांगणे मला जड जात होते, कारण त्यांनी ती गोष्ट कोणाला फसवण्यासाठी सांगितलेली नव्हती. त्यांनी ती ऐकली होती आणि जपली होती. मी तीन कागद, पावती आणि वही त्यांच्यापुढे बाजेवर ठेवली आणि एकेक सांगत गेलो. ते बराच वेळ पेन्सिलीच्या कागदावर बोट फिरवत होते. मग त्यांनी विचारले, “म्हंजी माझ्या लग्नाच्या आदीची का नंतरची?” त्यांचे लग्न बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी झालेले. नंतरची, असे मी म्हणालो. “मंग तर घरातलीच म्हना की,” ते म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला उठले. तिच्यासाठी भाच्याने आता सिमेंटचा हौद बांधून दिला आहे.

रिसॉर्टवाल्याला भाच्याने माझ्या वहीवरून दोन पानांचे टिपण पाठवले, त्यात संस्थानचा उल्लेख नाही. त्याने नम्रपणे नकार कळवला. भाचा दोन दिवस गप्प होता. नंतर त्यानेच मला फोन करून विचारले की तिच्यातले पाणी काढायला किती दिवस लागतील. हा फोम बंद पेशींचा असल्यामुळे पाणी हळू घेतो आणि त्याहून हळू सोडतो. डांबर खरवडून आम्ही आठही छिद्रे मोकळी केली आणि बोट शेडच्या सावलीत, मागची बाजू उतरती ठेवून, जुन्या टायरांवर टेकवली. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे ऊन जेव्हा पत्रा तापवत होते, तेव्हा तिच्याखालच्या बादलीत रोज थोडे पिवळसर पाणी साचत असे आणि भाचा ते मापाने मोजून वहीत लिहीत असे.

मे महिन्याच्या शेवटी तिला पुन्हा काट्यावर नेले. २१० किलो भरली. मृगाचा पाऊस पडायच्या आत तिच्यावर ताडपत्री घालायची आहे. ताडपत्री भाच्याने काल आणली, दोर आज मी घेऊन जाणार आहे.